संध्याकाळचे बूट

मापसाहेबांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत. दुकानात कोणी शिरलं की ते आधी खाली बघतात, पायाकडे, आणि मग नाइलाज असल्यासारखं वर. पन्नासहून जास्त वर्षं हा माणूस बूट शिवतोय, आणि तेवढ्या भांडवलावर त्यांनी स्वतःची समजूत करून घेतली आहे की पाय कळला म्हणजे माणूस कळला. मापसाहेब हे नाव रस्त्याने ठेवलेलं. लोकांनी ठेवलं चेष्टेने, यांनी घेतलं पदवीसारखं. दारावरच्या पाटीवरसुद्धा रंगवून घेतलं.

त्यांच्या दुकानाला लागून माझं औषधांचं दुकान आहे. मधे एकच भिंत, तीही इतकी पातळ की तिकडे खिळा ठोकला की इकडे माझ्या फळीवरच्या बाटल्या किणकिणतात. बावीस वर्षं मी ते किणकिणणं ऐकतेय आणि बावीस वर्षं त्यांचं बोलणं. मला ते 'गोळीवाली' म्हणतात. रीतसर परीक्षा पास होऊन, परवाना भिंतीला लावून मी बसले आहे. पण नाही, गोळीवाली. जणू मी लिमलेटच्या गोळ्या विकते.

एवढं आहे तर बोलणं का टाकलं नाहीस, असं कोणीही विचारेल. त्याचं कारण माझा डावा पाय. लहानपणच्या एका तापाने तो उजव्यापेक्षा दीड इंच आखूड राहिला. आठ वर्षांची होईपर्यंत मी लोखंडी पट्ट्या लावलेला एक बूट घालायचे, तो जिन्यात वाजायचा आणि मी येतेय हे सगळ्या इमारतीला कळायचं. मग आईने मला मापसाहेबांकडे आणलं. ते तेव्हा तिशीचे असतील. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. तपकिरी कागदावर पाय ठेवायला लावला, पेन्सिल उभी धरून कडेने रेघ मारली, फितीने चार ठिकाणी माप घेतलं आणि आईला म्हणाले, "पोरीत काही खोट नाही. बूट चुकीचा आहे." आठवड्याने त्यांनी डाव्या बुटात बुचाचे थर बसवून दिले, थोडे आत, थोडे सोलमध्ये, असे की बाहेरून दोन्ही बूट सारखेच दिसावेत. तेव्हापासून दर वर्षी एक नवा जोड. दिवसाचे दहा तास मी काउंटरमागे उभी असते आणि माझ्या पायाचा गिऱ्हाइकांना पत्ताही नसतो. म्हणून मी ऐकून घेते. दुसरा कोणी असता तर केव्हाच बोळवण केली असती.

त्यांच्या दुकानात एक काचेचं कपाट आहे. जुन्या गिऱ्हाइकांच्या पायांचे लाकडी साचे त्यात ओळीने मांडलेले, प्रत्येकावर पेन्सिलने नाव. खालच्या फळीवर माझे. सगळ्यात वरच्या फळीवर स्वतःचे. ते चोवीस वर्षांचे होते तेव्हा त्यांच्या उस्तादाने कोरून दिलेले. दर महिन्याच्या एक तारखेला मापसाहेब स्वतःच्या पायाचं माप घेतात आणि त्या लाकडाशी ताडून बघतात. मग समोर कोणीही असो, ऐकवतात.

"सुताचा फरक नाही. लोक पसरतात. पोट सुटतं, पाय पसरतो, जीभ सैल होते. मी आहे तसा आहे."

काकू, म्हणजे त्यांची बायको, मागच्या बाजूला शिलाईचं मशीन चालवत असतात. या वाक्याला मशीनचा वेग नेमका वाढतो. मला वाटतं गेली कित्येक वर्षं काकू नवऱ्याशी त्या मशीनमधूनच बोलतात.

तर या न पसरणाऱ्या माणसाचं डोकं दुखायला लागलं, गेल्या वर्षाच्या सुरुवातीला. माझ्याकडे आले. "डोक्याला काहीतरी दे. आणि भाषण नको." मी भाषण दिलं नाही, दंडाला बीपीच्या मशीनचा पट्टा बांधला. वरचा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर, खालचा एकशे सहा. मी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि डॉक्टरांनी रोज सकाळी एक गोळी लिहून दिली. मी ती त्यांच्या तळहातावर ठेवली तेव्हा त्यांनी ती चिमटीत धरून उजेडात पाहिली.

"ही? एवढीशी? माझा खिळासुद्धा याच्यापेक्षा मोठा असतो."

"खिळा गिळा मग," मी म्हटलं.

गोळी घेऊ लागले. महिन्याभराने आकडा थोडा उतरला, पण पुरेसा नाही, म्हणून डॉक्टरांनी गोळी दुप्पट ताकदीची केली. मग मात्र बीपी एकशे तीसवर आलं. त्याचं श्रेय त्यांनी कोणाला दिलं असेल? डॉक्टरांना नाही, गोळीला नाही, मला तर नाहीच नाही. स्वतःच्या शांत स्वभावाला! "मी मनावर घेत नाही काही," असं ते रस्त्यात उभे राहून सांगायचे. हा तोच माणूस, ज्याने एका गिऱ्हाइकाला नुसतं 'जरा घट्ट होतायत' म्हटल्याबद्दल दुकानाबाहेर काढलं होतं, एका पायात बूट आणि दुसऱ्यात मोजा अशा अवस्थेत.

दुप्पट गोळी सुरू होऊन पाचसहा आठवडे झाले असतील. भिंतीपलीकडून आरडाओरडा ऐकू आला. कातडीवाल्याची हजेरी घेणं चाललं होतं. मापसाहेबांचे स्वतःचे नवे बूट संध्याकाळी पायाला काचायला लागले होते, आणि त्याचा अर्थ एकच, कातडं आटलं. वीस वर्षं त्याच माणसाकडून कातडं घेतलं, आणि त्याला म्हणाले, तू मला भिजलेलं जनावर विकलंस. अख्खं कातडं परत केलं. बिचारा खांद्यावर गुंडाळी घेऊन माझ्या दारावरून गेला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

नव्या कातड्याचे बूट झाले, तेही संध्याकाळी काचले. मग दोष काकूंवर आला. म्हणे मोजे गरम पाण्यात धुतले म्हणून जाड झाले. काकूंनी मोजे गार पाण्यात धुतले. बूट काचायचे थांबले नाहीत. मग फीत खोटी ठरली, नवी फीत आणली. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी दार लोटून घेतलं आणि दिवेलागणीला आपल्या घोट्याभोवती ती नवी फीत गुंडाळली. पाऊण इंच जास्त.

हे मला काकूंनी नंतर सांगितलं. दोन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत म्हणे. पाऊण इंच! घरात कोणी गेल्यासारखे बसून होते.

दुसरा कोणीही माणूस असता तर डॉक्टरकडे गेला असता. पाय सुजला, डॉक्टरला दाखवला, संपलं. पण पाय म्हटल्यावर डॉक्टरला काय कळतं? पायाचा जाणकार रस्त्यावर एकच. आणि त्या जाणकाराने पायाच्या दुखण्यावर जो इलाज केला तो जगात फक्त बूट शिवणाराच करेल. त्यांनी मोठे बूट शिवले.

एक जोड सकाळचा, काळा. दुसरा संध्याकाळचा, तपकिरी, घोट्याला सैल, वरच्या भागाला मऊ अस्तर. चार वाजले की बैठकीवर बसून काळे काढायचे आणि तपकिरी चढवायचे. काम इतकं देखणं होतं की ते बूट बघून मलासुद्धा क्षणभर दोन पाय जास्त असावेत असं वाटलं. आणि मग काय, त्याचं शास्त्र झालं. संध्याकाळी माणसाचा पाय वाढतो, जगाच्या हे लक्षात आलेलं नाही, माझ्या लक्षात आलं! चारचौघांना पटवलं. शाळेच्या मुख्याध्यापकांनी तर संध्याकाळच्या बुटांची ऑर्डर दिली. एवढा शिकलेला माणूस.

आता माझ्याबद्दल सांगते, कारण नुसती त्यांची चेष्टा करून मला सुटता येणार नाही.

त्या गोळीने घोट्यांना सूज येऊ शकते हे आमच्या धंद्यात नवशिक्यालाही माहीत असतं. येते ती संध्याकाळी जास्त जाणवते. घाबरण्यासारखं सहसा काही नसतं, डॉक्टरांना सांगायचं, ते डोस कमी करतात नाहीतर दुसरी गोळी देतात. मला हे ते तपकिरी बूट पाहताक्षणी कळलं. पण मी ते कसं सांगितलं? एका बाजूला नेऊन, हळू आवाजात? छे. मापसाहेब मुख्याध्यापकांना घेऊन माझ्या दुकानात आले होते, मुख्याध्यापकांना खोकल्याचं औषध हवं होतं, आणि दुकानात आणखी तीन गिऱ्हाइकं होती. मापसाहेब पाय पुढे करून संध्याकाळचं शास्त्र समजावत होते. मधेच माझ्याकडे बघून म्हणाले, "हे गोळ्या विकणाऱ्यांना नाही कळायचं."

बावीस वर्षांचं साठलेलं माझ्या जिभेवर आलं.

"शास्त्र कसलं डोंबलाचं? बीपीच्या गोळीची सूज आहे ती! पाय वाढला म्हणे. काका, उद्या गालगुंड झालं तर काय मोठी टोपी शिवणार का?"

सगळं दुकान हसलं. मुख्याध्यापक इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली. मापसाहेब हसले नाहीत. त्यांनी पुढे केलेला पाय मागे घेतला, वळले आणि निघाले. मी त्यांच्या पाठीमागून ओरडले, "अहो, डॉक्टरांना सांगा, ते गोळी बदलून देतील!" पण मी तेव्हा अजून हसत होते. हसण्यात सांगितलेलं कोण ऐकतं?

त्यानंतर ते माझ्या दुकानाची पायरी चढले नाहीत. गोळ्यांची स्ट्रिप संपायची वेळ आली, गेली. मी मनात म्हटलं, समोरच्या दुकानातून घेत असणार. घे बाबा. तिथला पोरगेला दुकानदार तुला 'मापसाहेब, मापसाहेब' करतो, तिथेच शोभतोस. एक महिना गेला, दुसरा गेला. भिंतीपलीकडे खिळे ठोकले जात होते, माझ्या बाटल्या किणकिणत होत्या. मला एवढंच पुरत होतं.

मग एका एक तारखेला काकू निरोप घेऊन आल्या. "सांगायला सांगितलंय गं तुला. पाय जागेवर आला म्हणाले. सुताचा फरक नाही."

"त्यांना सांगा, अभिनंदन. पाय जागेवर आला, आता डोकं कधी येतंय?"

काकू हसल्या. मीही हसले. घोट्याची सूज उतरली म्हणजे एकतर गोळी बदलली किंवा गोळी सोडली. हा हिशोब मला येत नव्हता असं नाही. बदलली असेल, असं मी धरून चालले, कारण तेच सोयीचं होतं. काकू समोर उभ्या होत्या, नुसतं 'सध्या कुठली गोळी चालू आहे' एवढं विचारायचं होतं. पण विचारलं असतं तर मी चौकशी केली असं झालं असतं, आणि चौकशी करून कमीपणा घ्यायला मी काय मोकळी होते?

माझ्या नव्या जोडाचे दिवस आले. भांडण असो की नसो, बूट यायचेच. तेवढं त्या माणसाचं मानलं पाहिजे. सकाळी काकूंनी खोका आणून काउंटरवर ठेवला. मी स्टुलावर बसून दोन्ही बूट चढवले, नाड्या बांधल्या, उठले, एक पाऊल टाकलं आणि सरळ सिरपच्या बाटल्यांच्या मांडणीवर जाऊन आदळले.

बुचाचे थर उजव्या बुटात बसवले होते.

खरं सांगू? मला आनंद झाला. एवढ्या वर्षांत पहिली चूक! छत्तीस वर्षं माझा पाय ज्याच्या हातात, तो डावं-उजवं विसरला. मी जुने बूट घातले, नवे हातात घेतले आणि बोलायची वाक्यं मनात जुळवत शेजारी गेले. चांगली तिखट वाक्यं होती.

मापसाहेब बैठकीवर होते. हातात कातडं टोचायची आरी, मांडीवर कोणाचा तरी अर्धा बूट. मी उजवा बूट त्यांच्यासमोर धरला. "मापसाहेब, हा कुठल्या पायाचा?"

त्यांनी आरी मांडीवर ठेवून तो हातात घेतला, फिरवून पाहिला, अंगठ्याने आतलं बूच दाबलं. "डावा. तुझा. बरोबर तर आहे."

"हा उजवा आहे, काका."

त्यांनी बूट उलटा करून सोल पाहिला. मग म्हणाले, "हो. उजवा. तेच म्हणतोय मी." आणि बूट परत करायला हात पुढे केला, तो माझ्याकडे न येता बाजूला, नुसत्या हवेत गेला. मघाशी मांडीवर ठेवलेली आरी खाली पडली. त्यांना ते कळलं नाही. आरी पडली आणि त्या माणसाला कळलं नाही! जुळवलेली वाक्यं माझ्या तोंडातच राहिली.

मी धावत जाऊन बीपीचं मशीन आणलं. धावले म्हणजे काय, जुन्या बुटांनी जेवढं जमलं तेवढं. पट्टा बांधला. दोनशे चौदा, खाली एकशे बावीस.

"गोळी कुठली घेताय?"

"गोळी?" ते माझ्याकडे म्हणजे खरोखरच माझ्या तोंडाकडे बघत होते. "सोडली ना. तूच म्हणालीस. गोळीची सूज आहे म्हणालीस. मग गोळीच नको."

मागचं मशीन थांबलं. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "मला सांगितलं, गोळीवालीने बंद करायला सांगितली," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, तू सांगितलंस म्हणजे बरोबरच असेल."

त्यांनी दवाखान्यात अकरा दिवस काढले. डोक्यात डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती, छोटी होती, वेळेवर आणलं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. बोलणं शाबूत. चालणं शाबूत. उजव्या हाताची पकड गेली, आणि डावं-उजवं यांचा घोळ राहिला. येईल हळूहळू, म्हणाले. किती येईल ते कोणी सांगितलं नाही.

सुटताना डॉक्टरांनी विचारलं, मधे गोळी का सोडलीत? मीच सांगितलं, घोट्याला सूज येत होती म्हणून. "मग सांगायचं ना," असं म्हणून त्यांनी आधीच्या गोळीवर काट मारली आणि खाली दुसरी लिहिली. अर्धं मिनिट लागलं. एका कातडीवाल्याचा अपमान, काकूंचे मोजे, नवी फीत, एक अख्खं खोटं शास्त्र, माझी वीतभर जीभ, हे सगळं ज्याच्यासाठी झालं ते काम अर्ध्या मिनिटाचं होतं. मला त्या डॉक्टरचा, मापसाहेबांचा आणि माझा सारखाच राग आला.

आता रोज सकाळी दुकान उघडलं की ते येतात. नवी गोळी पिवळी आहे, जरा मोठी. ती मी त्यांच्या तळहातावर ठेवते, ते माझ्यासमोर गिळतात, मग मी पट्टा बांधते. पाय सुजत नाही. लाकडाशी ताडून बघणं मात्र त्यांनी बंद केलंय. संध्याकाळचे बूट कपाटात सगळ्यात वर उभे आहेत. मुख्याध्यापकांनी ऑर्डर केव्हाच रद्द केली, आणि तीही निरोप धाडून. असली माणसं शाळा चालवतात.

माझ्या जुन्या बुटातलं बूच दबत चाललंय. संध्याकाळी मी जराशी लंगडते, आणि परवा एका गिऱ्हाइकाने विचारलं, "ताई, पायाला लागलं का?" मी एका मोठ्या दुकानातून जोड करवून आणला होता. एका पायाखाली वीट बांधल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी देऊन टाकला.

काल मापसाहेबांनी भिंतीवर ठोकून बोलावलं. गेले तर तपकिरी कागद जमिनीवर पसरलेला. पेन्सिल त्यांनी डाव्या हातात धरली होती, आणि उजव्या हाताची बोटं फितीचं टोक धरायची खटपट करत होती. दोनदा सुटलं. काकूंनी पुढे होऊन धरायला हात केला तर त्यांनी मान हलवली. तिसऱ्यांदा धरलं.

मी बूट काढले आणि कागदावर उभी राहिले. ते गुडघ्यावर बसून माझ्या दोन्ही पायांकडे बघत राहिले, एकदा या, एकदा त्या. हे पाय त्यांना माझ्या आईपेक्षा जास्त पाठ होते. मग मान वर न करता, भिंतीपलीकडे ऐकू जाणार नाही इतक्या हळू त्यांनी विचारलं.

"पोरी, डावा कुठला?"

माझ्या जिभेवर काय काय आलं असतं, एरवी.

मी पाय उचलून पुढे ठेवला. "हा, काका," म्हटलं, आणि गप्प उभी राहिले.